गाजलेले, भरलेले आणि रंगलेले

नाटक, तमाशा, मैफल आणि चित्रपट या करमणुकीच्या व्यवसायांना यशासाठी एकच शब्द कधी पुरलेला नाही. नाटक ‘गाजते’, मैफल ‘रंगते’, फड ‘जिंकला’ जातो, प्रयोग ‘हाऊसफुल्ल’ होतो, चित्रपट ‘ज्युबिली’ करतो, ‘गल्ला’ जमवतो किंवा ‘ब्लॉकबस्टर’ ठरतो, आणि एखादा नट लहानशा भूमिकेतही ‘भाव खाऊन जातो’. हे शब्द वरवर समानार्थी वाटले, तरी त्यांच्या मुळाशी गेल्यावर प्रत्येकाचे माप निराळे असल्याचे दिसते. कोणता शब्द आवाज मोजतो, कोणता खुर्च्या, कोणता दिवस, तर कोणता पैसे. यश कोणी ठरवायचे आणि कशावरून, या प्रश्नाचे त्या त्या काळाने दिलेले उत्तर त्या काळाच्या बोलीत साठून राहिले आहे. त्यामुळे या शब्दांची कुळकथा सांगणे म्हणजे कलावंत आणि प्रेक्षक यांचे नाते कसकसे बदलत गेले हे सांगणे होय.

भरताची सिद्धी

या प्रश्नाचा भारतातील सर्वांत जुना पद्धतशीर विचार भरतमुनींच्या नावावर असलेल्या नाट्यशास्त्रात सापडतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या यशाला ‘सिद्धी’ असे नाव दिले असून तिचे ‘मानुषी’ आणि ‘दैवी’ असे दोन प्रकार सांगितले आहेत. मानुषी सिद्धी म्हणजे प्रेक्षकांच्या वाणीतून आणि शरीरातून प्रकट होणारी पसंती. त्यांनी स्मित करणे, मोठ्याने हसणे, ‘साधु’ किंवा ‘अहो’ असे उद्गार काढणे, करुण प्रसंगी हळहळणे आणि सर्वांनी मिळून वाढता गजर करणे या तिच्या वाचिक खुणा होत. अंगावर रोमांच येणे, आसनावरून उठून उभे राहणे, अंगावरचे वस्त्र किंवा बोटातली अंगठी नटाकडे टाकणे या शारीरिक खुणा होत. दैवी सिद्धीचे लक्षण मात्र अगदी वेगळे आहे. जेथे गोंगाट नाही, चुळबुळ नाही, कसलेही विघ्न नाही आणि रंगगृह मात्र पूर्ण भरलेले आहे, तेथे ती सिद्धी दैवी समजावी, असे हा ग्रंथ सांगतो.

पुढच्या काळात मराठी रंगभूमीने आणि मुंबईच्या चित्रपटसृष्टीने घडवलेला किंवा उसना घेतलेला कोणताही यशवाचक शब्द उचलावा, तर तो बहुधा या दोन कोष्टकांपैकी एकात बसतो. नाट्यशास्त्रातील ‘वस्त्रदान’ आणि तमाशात खूश झालेल्या प्रेक्षकाने हवेत उडवलेला फेटा यांच्यात थेट वंशपरंपरा दाखवता येणार नाही. परंतु आनंदाचा भर असह्य झाला की माणूस अंगावरची वस्तू उधळतो, ही प्रवृत्ती दोन्हीकडे एकच आहे. चित्रपटगृहाच्या पुढच्या स्वस्त रांगांना मराठीत ‘पिट’ म्हणतात. इंग्रजी नाट्यगृहातील तळमजल्याच्या नावावरून हा शब्द आला असून, या पिटातला प्रेक्षक आवडत्या गाण्याला पडद्यावर नाणी फेकत असे, तीही त्याच प्रवृत्तीची नवी खूण होती.

कानांनी मोजलेले यश

मराठीतील ‘गाजणे’ हे क्रियापद संस्कृत ‘गर्ज्’ या धातूपासून प्राकृतमार्गे आले आहे. ढग गर्जतो, सिंह गर्जतो आणि त्याच अर्थाने नाटक गाजते. म्हणजे ज्याचा आवाज नाट्यगृहाच्या भिंती ओलांडून गावभर जातो, ते यशस्वी. ‘टाळी घेणे’, ‘टाळीचे वाक्य’, ‘टाळ्यांचा कडकडाट’ हे सारे प्रयोग याच कुळातले आहेत. ज्या संवादावर टाळी येणारच हे लेखकाला आणि नटाला आधीपासून ठाऊक असते, तो संवाद म्हणजे टाळीचे वाक्य, आणि ते म्हटल्यावर पुढच्या वाक्यासाठी किती थांबायचे हे कळणे हा नटाच्या कसबाचा भाग मानला जातो.

याच कुळात ‘दाद’ हा शब्द येतो आणि त्याचा इतिहास विशेष मनोज्ञ आहे. फारसीत ‘दाद’ म्हणजे न्याय. मराठीने हा शब्द दोन ठिकाणी ठेवला: अन्याय झालेला माणूस कचेरीत ‘दाद मागतो’ आणि रसिक श्रोता मैफलीत ‘दाद देतो’. एकाच शब्दाच्या या दोन वापरांमुळे एक मोठा विचार भाषेत सहज रुजला. गायकाने एखादी अवघड जागा सुरेख घेतली, तर त्याला मान डोलावून किंवा ‘वाहवा’ म्हणून दिलेली पावती ही श्रोत्याची मेहेरबानी नसते. कलावंताला तो त्याचा न्याय मिळालेला असतो. श्रोता तेथे न्यायाधीशाच्या आसनावर बसतो, आणि ज्याला दाद देता येत नाही तो श्रोता अपुरा ठरतो.

तमाशाच्या फडात हीच पसंती उघडपणे पैशाच्या रूपात व्यक्त होत असे आणि तिला ‘दौलतजादा’ म्हणत. प्रेक्षकाने बक्षिसाची रक्कम दिली की ‘तुमची दौलत ज्यादा होवो’, म्हणजे संपत्ती वाढो, असे शुभचिंतन केले जाई. त्या शुभचिंतनाचेच पुढे बक्षिसाला नाव पडले. दरबारात किंवा वाड्यात गाणाऱ्याला निरोप घेताना मिळणारे मानधन ते ‘बिदागी’. ‘फड जिंकणे’ आणि ‘फड मारणे’ हे शब्दप्रयोग मात्र स्पर्धेतून आले. शाहिरांच्या ‘कलगी’ आणि ‘तुरा’ या दोन पक्षांत रात्रभर सवाल-जवाब चालत, एका पक्षाने कोडे घालायचे आणि दुसऱ्याने ते काव्यातूनच सोडवायचे. अशा झुंजीत जिंकणे-हरणे ही अलंकारिक भाषा नव्हती, तर प्रत्यक्ष घडणारी गोष्ट होती. नाट्यशास्त्रातही स्पर्धेत श्रेष्ठ ठरणाऱ्या नटमंडळीला पताका देण्याची व्यवस्था आहे, त्यामुळे कलेच्या अंगणात जय-पराजयाची भाषा नवीन नाही.

संगीत नाटकाने या ध्वनिकुळात एक इंग्रजी पाहुणा आणला. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगमंचावर आले आणि त्यानंतरच्या अर्धशतकात बालगंधर्व, केशवराव भोसले यांच्यासारख्या गायकनटांनी प्रेक्षकांना पदांचे वेड लावले. एखादे पद आवडले की प्रेक्षागृहातून ‘वन्समोअर’ अशी आरोळी उठे, गायकनट तेच पद नव्या अलंकारांनी पुन्हा गाई, पुन्हा आरोळी उठे, आणि रात्री सुरू झालेले प्रयोग पहाटेपर्यंत लांबत. शब्द इंग्रजी असला, तरी इंग्रज प्रेक्षक अशा वेळी ‘आँकोर’ म्हणतात. तो मूळचा फ्रेंच शब्द, ‘पुन्हा’ या अर्थाचा, इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत उचलला होता. आणि गंमत अशी की फ्रेंच प्रेक्षक स्वतः ‘बिस’ म्हणतात, ज्याचा लॅटिनमध्ये अर्थ ‘दोनदा’ असा आहे. इंग्रजांनी फ्रेंचांकडून त्यांच्या नाट्यगृहात न चालणारा शब्द घेतला आणि मराठी माणसाने इंग्रजांकडून तसाच. उसना शब्द ज्याच्या घरून आणला त्याच्यापेक्षा आणणाऱ्याच्या घरी अधिक नांदतो, याचे हे ठळक उदाहरण आहे. वन्समोअर मिळणे ही संगीत नाटकात कलावंताची खरी कमाई समजली गेली, कारण पद पुन्हा गाण्याचे त्याला वेगळे पैसे मिळत नव्हते.

भरलेल्या घराचे यश

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा त्यांच्यामागे सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांचा आश्रय होता. आश्रयदात्याची मर्जी हेच तेथे यशाचे माप होते आणि प्रेक्षकाने तिकीट काढण्याचा प्रश्न नव्हता. १८५१ साली चिंतामणरावांचे निधन झाले, आश्रय आटला, आणि भाव्यांना आपली मंडळी घेऊन गावोगाव हिंडावे लागले. १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. या बदलाने मराठी नाटकाचा आश्रयदाता एकाचा अनेक झाला, राजाच्या जागी तिकीट काढणारी गर्दी आली, आणि ती गर्दी मोजता येत असल्याने यशालाही संख्या आली.

‘हाऊसफुल्ल’ हा शब्द या बदलाचे अपत्य आहे. इंग्रजी नाट्यव्यवसायात ‘हाऊस’ म्हणजे नाट्यगृह आणि तेथे जमलेला प्रेक्षकवर्ग असे दोन्ही अर्थ जुन्या काळापासून रूढ आहेत, आणि सर्व जागा विकल्या गेल्या की दारात ‘हाऊस फुल्ल’ची पाटी लावण्याची पद्धत लंडनच्या नाट्यगृहांतही होती. मराठीने ती दोन पदे जोडून एक विशेषण केले, त्यात ‘ल’चे द्वित्व कायम ठेवले आणि ‘हाऊसफुल्ल प्रयोग’, ‘हाऊसफुल्ल गर्दी’, ‘बोर्ड लागला’ अशी सोय करून घेतली. तिकीटविक्रीच्या खिडकीवर आसनांचा जो नकाशा असतो त्याला व्यवसायात ‘प्लॅन’ म्हणतात. विकलेल्या आसनावर खूण केली जाते, आणि प्लॅन उघडल्यावर तो किती लवकर भरतो, यावरून निर्मात्याला पडदा वर जाण्याआधीच प्रयोगाचे भवितव्य कळते.

त्या खिडकीचे इंग्रजी नाव ‘बॉक्स ऑफिस’. त्याविषयी एक लोकप्रिय समजूत अशी, की शेक्सपियरच्या काळी प्रेक्षक दारात पेटीत पैसे टाकत आणि त्या पेट्या ज्या खोलीत फोडल्या जात ती बॉक्स ऑफिस. पैसे गोळा करण्याची मातीची भांडी त्या काळी खरोखर होती. लंडनमधील रोझ नाट्यगृहाच्या १९८९ सालच्या उत्खननात त्यांचे तुकडे सापडले आहेत. परंतु हा शब्द लिखाणात आढळतो तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्या काळी ‘बॉक्स’ म्हणजे नाट्यगृहातील धनिकांचे स्वतंत्र बसण्याचे कक्ष. ते कक्ष राखून ठेवण्याची कचेरी ती बॉक्स ऑफिस, हीच व्युत्पत्ती अधिक सयुक्तिक ठरते. विसाव्या शतकात त्या जागेचे नाव तेथे जमणाऱ्या पैशाला लागले. मराठीने त्यासाठी ‘तिकीटबारी’ हा शब्द केला, ज्यात ‘बारी’ म्हणजे लहान खिडकी. तमाशातील ‘बारी’ म्हणजे सादरीकरणाची पाळी हा शब्द उच्चाराने सारखा असला तरी अर्थाने वेगळा आहे.

दिनदर्शिकेचे यश

चित्रपट आल्यावर यशाला नवे माप मिळाले, ते म्हणजे काळ. नाटकाचा प्रत्येक खेळ कलावंतांना नव्याने करावा लागतो, म्हणून त्याला ‘प्रयोग’ म्हणतात आणि त्याच्या यशाची मोजणी प्रयोगसंख्येने होते. शंभरावा तो ‘शततम’ प्रयोग. गंगाराम गवाणकरांच्या मालवणी ‘वस्त्रहरण’ने मच्छिंद्र कांबळी यांच्या नेतृत्वाखाली पाच हजारांहून अधिक प्रयोगांचा पल्ला गाठला, आणि प्रशांत दामले यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात आपला बारा हजार पाचशेवा प्रयोग केला. अशा संख्येला मराठी ‘विक्रम’ म्हणते. मूळ संस्कृतात ज्याचा अर्थ पाऊल टाकणे आणि त्यावरून पराक्रम असा होता, तो शब्द आज उच्चांकाला लावला जातो. चित्रपट मात्र एकदा तयार झाला की यंत्राने पुन्हा पुन्हा दाखवता येतो, म्हणून तेथे तो एका चित्रपटगृहात किती आठवडे टिकला हे मोजले गेले.

‘ज्युबिली’ हा त्यासाठी आलेला शब्द फार लांबून आला आहे. हिब्रू ‘योबेल’ म्हणजे एडक्याचे शिंग. यहुदी धर्मशास्त्रानुसार दर पन्नासाव्या वर्षी ते शिंग फुंकून गुलामांची मुक्तता आणि जमिनी मूळ मालकांना परत करण्याची घोषणा व्हायची, आणि त्या वर्षाला शिंगाचेच नाव मिळाले. लॅटिनमधून तो शब्द युरोपीय भाषांत गेला. ब्रिटिश राजघराण्याच्या उत्सवांनी, विशेषतः राणी व्हिक्टोरियाच्या १८८७ आणि १८९७ सालच्या समारंभांनी, तो भारतात घरोघर पोहोचला. आणि चित्रपटव्यवसायाने वर्षांच्या जागी आठवडे घालून पंचवीस आठवड्यांची ‘सिल्व्हर’ आणि पन्नास आठवड्यांची ‘गोल्डन’ ज्युबिली साजरी करण्यास सुरुवात केली. मराठीने त्यांना रौप्यमहोत्सव आणि सुवर्णमहोत्सव ही नावे दिली. अशा रीतीने गुलामांच्या सुटकेचे शिंग गिरगाव आणि लक्ष्मी रस्त्यावरच्या चित्रपट-जाहिरातींत वाजू लागले.

या मापात मराठी चित्रपटाची कामगिरी अभिमानास्पद आहे. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली प्रदर्शित झाला आणि मुंबईच्या सेंट्रल सिनेमात सलग ५७ आठवडे चालला. अनंत माने दिग्दर्शित ‘सांगत्ये ऐका’ हा १९५९ सालचा तमाशापट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. दादा कोंडके यांचे लागोपाठ नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरल्याची नोंद गिनीज बुकात झाली. हिंदीत राजेंद्र कुमार यांना ‘ज्युबिली कुमार’ हे टोपणनाव मिळाले, आणि ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ १९९५ पासून मुंबईच्या मराठा मंदिरात चालत राहून २०१४ साली एक हजार आठवड्यांचा झाला. या यशात एक जिव्हाळा होता, कारण इतके आठवडे चित्रपट टिकायचा तर तोच प्रेक्षक पुन्हा पुन्हा यावा लागतो, घरच्यांना आणि गावाकडच्या पाहुण्यांना घेऊन यावा लागतो.

ठोसा आणि गल्ला

इंग्रजी करमणूकव्यवसायाची यशवाचक बोली मराठीपेक्षा वेगळ्या प्रतिमेवर उभी आहे, आणि ती प्रतिमा आघाताची आहे. ‘हिट’ म्हणजे नेमका लागलेला फटका. यशस्वी नाटकाला हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून लावला गेला. न्यूयॉर्कमध्ये १९०५ साली साइम सिल्व्हरमन यांनी सुरू केलेल्या ‘व्हरायटी’ या व्यवसायपत्राने तर स्वतःची वेगळी बोलीच घडवली. त्यातले ‘सॉको’ आणि ‘व्हॅमो’ हे यशवाचक शब्द ठोशाच्या आवाजावरून बनले आहेत, ‘बॉफो’ हा खदखदून हसण्याच्या ‘बॉफ’ या शब्दाशी जोडला जातो, आणि दीर्घकाळ पैसे कमावत राहणाऱ्या चित्रपटाला ‘पाय’ आहेत असे तेथे म्हटले जाते. ‘ब्लॉकबस्टर’ तर सरळ बॉम्ब आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने टाकलेल्या, शहरातील इमारतींचा संपूर्ण पुंजका उद्ध्वस्त करणाऱ्या प्रचंड बॉम्बला वृत्तपत्रांनी हे नाव दिले, आणि १९४३ पर्यंत अमेरिकन चित्रपटांच्या जाहिरातींत ते मिरवू लागले. तिकिटांची रांग रस्त्याच्या वळणापर्यंत जाते म्हणून ब्लॉकबस्टर, ही समजूत नंतर जुळवलेली आहे. ज्या शब्दाखाली माणसे गाडली गेली, तो काही महिन्यांत आनंदाचा शब्द झाला, ही गोष्ट विसरली जाऊ नये.

अपयशाच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषांचे एकमत आहे. ‘फ्लॉप’ हा शब्द सपाट पडण्याच्या आवाजावरून बनला, आणि मराठीत नाटक ‘पडते’ किंवा ‘आपटते’. प्रदर्शितच न होणारा चित्रपट ‘डब्यात जातो’, कारण फिल्मची रिळे पत्र्याच्या डब्यांत ठेवली जात.

मराठीत पैशाच्या यशाचा शब्द ‘गल्ला’. अरबीतील ‘गल्ला’ म्हणजे धान्य किंवा शेतीचे उत्पन्न. दुकानदाराच्या पैशाच्या पेटीला ते नाव पडले आणि तेथून ते तिकीटबारीवर आले. मात्र मराठीने या शब्दापासून ‘गल्लाभरू’ हे विशेषण बनवले आणि त्यात नापसंती भरली. जे नाटक फक्त पेटी भरण्यासाठी केले आहे ते गल्लाभरू, म्हणजे पैशाचे यश मान्य असूनही पैसा हा एकमेव हेतू असणे भाषेला मान्य नाही. ‘भाव’ या शब्दातही हीच ओढाताण दिसते: बाजारात भाव म्हणजे दर, नाट्यशास्त्रात भाव म्हणजे मनाची अवस्था, आणि नट ‘भाव खाऊन जातो’ तेव्हा दोन्ही अर्थ एका ताटात वाढले जातात.

एकविसाव्या शतकात काळाचे माप मागे पडले. बहुपडदा चित्रपटगृहे आली, एकच चित्रपट एकाच दिवशी शेकडो पडद्यांवर लागू लागला, जो प्रेक्षक पूर्वी पंचवीस आठवड्यांत यायचा तो पहिल्या तीन-चार दिवसांत येऊन गेला, आणि त्यामुळे आठवडे मोजण्यात अर्थ उरला नाही. २००८ सालच्या ‘गजनी’नंतर ‘शंभर कोटी क्लब’ ही भाषा रूढ झाली, आणि २०१६ साली नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने मराठी चित्रपटाला त्या आकड्यापलीकडे नेले. तरीही ‘सैराट’ची आठवण निघते तेव्हा लोक आकडा क्वचित सांगतात, गाणे सुरू झाल्यावर प्रेक्षक खुर्च्या सोडून नाचू लागले, हे सांगतात. भरताच्या यादीतील आसनावरून उठणे तेथे पुन्हा अवतरले होते.

रंगणे

या सर्व शब्दांत एक शब्द असा आहे, की ज्याला कोणतेच माप लावता येत नाही. तो म्हणजे ‘रंगणे’. संस्कृतात ‘रंग’ म्हणजे वर्ण आणि रंग म्हणजेच नाट्याचे स्थान. रंगभूमी, रंगमंच, रंगकर्मी हे शब्द त्यातूनच आले. प्रयोग रंगला, असे म्हणताना मराठी माणूस दोन्ही अर्थ एकत्र करतो: रंगमंचावर जे घडले त्याचा रंग पाहणाऱ्याच्या मनाला लागला. हाऊसफुल्ल प्रयोग न रंगण्याची शक्यता असते, आणि पावसाळी दुपारी अर्ध्या रिकाम्या नाट्यगृहात झालेला प्रयोग कमालीचा रंगू शकतो. रंगमंचावर काम करणाऱ्या प्रत्येकाला हा फरक कळतो, आणि त्या फरकासाठी भाषेने वेगळा शब्द राखून ठेवला आहे, ही मराठीची श्रीमंती आहे. ‘चालले’, ‘गाजले’ आणि ‘रंगले’ यांची सरमिसळ झाली, तर कलावंताला आपल्याच कामाचा निवाडा करण्याचे साधन उरणार नाही.

प्रयोग खरोखर रंगल्याची सर्वांत खात्रीची खूण कोणती, याचे नटांमध्ये रूढ असलेले उत्तर टाळी हे नाही. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता, जिला व्यवसायात ‘पिनड्रॉप सायलेन्स’ म्हणतात, तीच ती खूण. शेवटच्या प्रसंगानंतर पडदा पडतो, प्रेक्षागृह काठोकाठ भरलेले असते, आणि तरी काही क्षण कोणीही टाळी वाजवत नाही, हळहळत नाही, खुर्चीत हलतसुद्धा नाही. गोंगाट नाही, चुळबुळ नाही, रंगगृह मात्र पूर्ण. भरताने दैवी म्हटलेली सिद्धी त्या क्षणी शिवाजी मंदिरात किंवा बालगंधर्व रंगमंदिरात उतरलेली असते. टाळ्यांचा कडकडाट, बाहेरची हाऊसफुल्लची पाटी आणि गल्ल्याचा हिशेब त्यानंतर येतात.